काळ्या मातीवरची पायवाट: अमळनेरजवळच्या एका घराचं प्रकरण

आजींचा वॉकर फाटकापासून ओट्यापर्यंत येताना चार ठिकाणी अडायचा. मी मोजलं होतं. तिसऱ्या ठिकाणी तर चाक दोन टाइलांच्या मधल्या पायरीला अडकायचं, आजी वॉकर उचलायच्या, पुढे ठेवायच्या आणि मग स्वतः पाऊल टाकायच्या. पायवाट जेमतेम दोन पावसाळे जुनी होती.

घर अमळनेरच्या बाहेर, शेतातच बांधलेलं. बिगरशेती झालेला दहा-अकरा गुंठ्यांचा तुकडा, मागे केळी, बाजूला कापसाचं रान. घरात निवृत्त शिक्षिका असलेल्या ताई, त्यांचे यजमान (सगळे त्यांना सर म्हणतात) आणि सरांच्या ऐंशी पार केलेल्या आई. मला बोलावलं ते "वरून काहीतरी छान लावून द्या" एवढ्यासाठी. मोबाइलमध्ये फोटो तयार होते: पांढरे गोटे, मधे हिरवळीच्या पट्ट्या, काळ्या कडप्प्याचे चौकोन. कुठल्या तरी थंड गावातल्या बंगल्याची बाग असावी.

आधी जुनी वाट बघितली. पार्किंगच्या टाइल, खाली इंचभर माल, त्याखाली चारेक इंच वाळू आणि वाळूखाली थेट काळी माती. काठीने ठोकत गेलो तर निम्म्या टाइल पोकळ वाजत होत्या. पण खरी गोष्ट लांबीच्या दिशेने गेलेल्या भेगेत होती. वाटेच्या एका कडेला मोगऱ्याचा वाफा आणि त्याला ठिबक, दुसऱ्या कडेला कोरडं अंगण. ठिबकची बाजू वर आलेली, कोरडी बाजू खचलेली आणि मधोमध भेग. नळी सरळ रेषेत टाकलेली, म्हणून भेगही सरळ.

सरांचं म्हणणं पहिल्या ठेकेदाराने फसवलं. मला तसं वाटलं नाही. टाइल बऱ्या होत्या, सिमेंटही कमी घातलेलं नव्हतं. हेच काम त्याने मुरमाड जमिनीवर केलं असतं, तर आज त्याची स्तुती ऐकायला मिळाली असती.

आमच्या भागातली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर. त्याच्या पापुद्र्यांमधे पाणी शिरलं की पापुद्रे दूर सरतात, माती फुगते. पाणी गेलं की आकसते आणि मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हे इथल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. पण तोच शेतकरी अंगणात फरशी टाकताना ते विसरतो, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. गवंडी आबा सोबत होते. टाइल पहारीने उचकटून खालची माती बोटांत चुरत त्यांनी निकाल दिला: "माटी फुगस भो, फरशी काय करी?"

सर विज्ञानाचे शिक्षक. त्यांना आकडा हवा होता. म्हणून मातीची साधी चाचणी केली, प्रयोगशाळेत करतात तीच: बारीक चाळणीने चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम दोन मापपात्रांत घ्यायची, एकात पाणी ओतायचं, दुसऱ्यात रॉकेल, ढवळून २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतल्या फरकाला रॉकेलमधल्या मापाने भागलं की मुक्त फुगवटा निघतो. (आजकाल लिटरभर रॉकेल मिळवणं हाच प्रयोगाचा अवघड भाग आहे, अर्धा दिवस त्यात गेला.) दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती १० मिलिलिटरवर बसलेली, पाण्यातली १७ वर. म्हणजे ७० टक्के. सरांनी ते वहीत लिहून घेतलं आणि ठेकेदाराचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता वरचं साहित्य. माझा स्वतःचा कल सुरुवातीला पेव्हर ब्लॉककडे होता. कारण सरळ: खालची जमीन हलणार असेल, तर वरचं काम उचलून पुन्हा बसवता आलं पाहिजे. सिमेंटच्या मालात चिकटवलेली फरशी एकदा हलली की तुटते, सुटा ब्लॉक हलला तर काढून खालची भर सारखी करता येते. सुट्या ब्लॉकला फक्त दोन्ही बाजूंनी पक्की कड लागते, नाहीतर ओळी हळूहळू पसरतात.

पण दोन गोष्टींनी मला मागे खेचलं. पहिली म्हणजे मिळालेला माल. तालुक्याच्या बाजारातून दोन ठिकाणचे नमुने आणले. भारतीय मानक आयएस १५६५८ प्रमाणे ब्लॉकने सरासरी वजनाच्या ६ टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. नियमाप्रमाणे ब्लॉक भट्टीत वाळवून तोलायचा असतो, आम्ही तो एप्रिलच्या उन्हात आठवडाभर पत्र्यावर ठेवला. पत्र्यावर हात टेकवत नव्हता, तरी ती काही भट्टी नव्हे. ब्लॉकमध्ये थोडा ओलावा राहून गेला असेल, तर त्याचा फायदा ब्लॉकलाच मिळणार होता. एक ब्लॉक कोरडा ३.६ किलो, २४ तास पाण्यात ठेवून ३.९. म्हणजे ८ टक्क्यांच्या वर. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज यावा, तो भद्द आला. दुसऱ्या ठिकाणचा माल पास झाला, पण तो फक्त गडद लाल आणि काळ्या रंगात होता.

दुसरी गोष्ट आजींनी दाखवली. पास झालेले वीस-पंचवीस ब्लॉक ओट्यावर सुटे मांडले आणि त्यांना वॉकर फिरवायला सांगितला. ब्लॉकच्या कडा तासलेल्या असतात, त्यामुळे दर चार इंचांवर बारीक खाच येते. चालणाऱ्याला ती कळतही नाही, पण वॉकरची चाकं लहान. "हात झिणझिणतस," आजी म्हणाल्या. मी इतकी वर्षं पेव्हर टाकतोय, ही तपासणी कधी केली नव्हती.

आता उन्हाचा प्रश्न. आजी तुळशीला पाणी घालायला सकाळ-संध्याकाळ जातात आणि अनवाणी जातात. चप्पल घालून तुळशीकडे जायला त्या तयार नाहीत, आणि ऐंशीच्या पुढच्या माणसाला ते पटवायला मीही तयार नव्हतो. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कडप्पा, लाल पेव्हर, खडबडीत शहाबादी, भट्टीची वीट आणि खराट्याने रेघा ओढलेल्या काँक्रीटचा एक तुकडा सकाळपासून उघड्यावर ठेवले. दुपारी तीनला मी, आबा आणि ताईंचा नातू एकेकावर अनवाणी उभे राहून अंक मोजायला लागलो. कडप्प्यावर कुणीच तीनच्या पुढे गेलं नाही. लाल पेव्हर चार. शहाबादी पाच. वीट आणि फिकं काँक्रीट सहा-सात. गडद रंग ऊन जास्त पितो हे झालंच. शिवाय घट्ट दगड आतली उष्णता पायाला लगोलग पुरवत राहतो. वीट सच्छिद्र असल्यामुळे तेवढ्याच तापमानाला कमी चटका देते. पण नातवाने जो सहावा तुकडा घराच्या सावलीत सरकवला होता, तोही कडप्पाच, त्यावर आम्ही तिघेही निवांत दहापर्यंत मोजत उभे राहिलो. देवळाच्या आवारात चैत्र-वैशाखात ओलं पोतं का अंथरतात आणि मांडव का घालतात, ते उगीच नाही.

तिथे या कामाचा निर्णय फिरला. तोपर्यंत आम्ही कशाची वाट करायची यावर वाद घालत होतो. आता वाट कुठून न्यायची हा प्रश्न झाला. जुनी वाट घराच्या पश्चिमेने, फाटकातून सरळ ओट्याकडे जात होती, म्हणजे दुपारी बारापासून संध्याकाळपर्यंत पूर्ण उन्हात. पूर्वेच्या भिंतीलगत नेली तर दुपार कलली की घराचीच सावली पडते. माध्यान्हीला मात्र काहीच इलाज नाही. अमळनेर साधारण २१ अंश अक्षांशावर, २५ मेच्या आसपास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि काठीचीही सावली पडत नाही. पण त्या वेळी आजी झोपलेल्या असतात. संध्याकाळी सहाला त्या निघतात तेव्हा पूर्वेची वाट चार-पाच तास सावलीत निवलेली असते. पश्चिमेची त्या वेळी नुसती धग सोडत असते.

ताईंनी कडुनिंबाखालून वाट न्यायचं सुचवलं होतं. सावली दाट, खरं आहे. पण मोठं झाड उन्हाळ्यात मुळांनी खालचं पाणी ओढतं, तिथली माती बाकीच्या अंगणापेक्षा जास्त आकसते, आणि पावसाच्या तोंडाला निंबोळ्यांचा जो चिकट राडा होतो त्यावर वॉकर म्हणजे थेट दवाखाना. नको म्हटलं.

पूर्वेच्या भिंतीची एक किंमत होती. भिंतीला लागून ताईंचा मोगऱ्याचा दुसरा वाफा होता, जुन्या घरून आणलेली रोपं. वाफा ठेवून त्याच्या पलीकडून वाट काढा, असं त्यांचं म्हणणं. मी अडून बसलो. काळ्या मातीत घराच्या जोत्याला चिकटून रोज पाणी घालणं म्हणजे पाया एका बाजूने फुगवणं. जुन्या वाटेला ठिबकने जे केलं, तेच उद्या भिंतीला झालं असतं. वाट भिंतीला टेकून घेतली तर तीच जोत्याचं संरक्षण करते: पावसाचं पाणी चार फूट बाहेर ढकलते आणि खालचा ओलावा वर्षभर बराचसा एकसारखा राहतो. दोन दिवस ताई माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मग वाफा वाटेच्या बाहेरच्या अंगाला, खोदाईच्या कडेपासून तीन फूट दूर हलवायचं ठरलं.

साहित्य शेवटी शहाबादी ठरलं, दीड इंच जाडीची, वरचा अंग नैसर्गिक खडबडीत आणि कडा मशीनने कापलेल्या. हा चुनखडीचा दगड कर्नाटकातल्या शहाबाद भागातून येतो, रंगाने राखाडी, थरांत निघणारा. दोन फूट बाय दोन फुटांची फरशी. वाट ७२ फूट लांब, ४ फूट रुंद, म्हणजे ३६ ओळी, ओळीत दोन, एकूण ७२ फरश्या. एकेकीचं वजन चाळीस किलोच्या आसपास. पायाने सरकत नाही, पण दोन माणसं पहार लावून उचलू शकतात. सांधे कमी आणि सपाट, म्हणून वॉकरलाही त्रास नाही. घासून गुळगुळीत केलेला कोटा दुकानदार त्याच भावात देत होता, दिसायलाही देखणा. ओला झाला की त्याच्यावरून तरुण माणूससुद्धा घसरतो. घरात ठीक, अंगणात नको. आणि दोन्ही चुनखडीच असल्याने ताईंना एक तंबी दिली: डाग काढायला ॲसिड ओतायचं नाही, लिंबाच्या झाडाखाली पडलेली लिंबं दगडावर कुजू द्यायची नाहीत. आम्ल चुनखडीला खातं.

काँक्रीट हा खरा तुल्यबळ पर्याय होता. चार-चार फुटांवर सांधा तोडून, खराट्याच्या रेघा ओढून केलेलं चार इंची काँक्रीट उन्हात शहाबादीपेक्षा बरं ठरलेलं होतं. पण ते मे महिन्यात ओतावं लागलं असतं. हवेचं तापमान ४० अंशांच्या वर असताना केलेल्या कामाला आयएस ७८६१ मध्ये उष्ण हवामानातलं काँक्रीट म्हणून वेगळे नियम आहेत. आमच्याकडे तो अपवाद नाही, अख्खा महिनाच तसा. पहाटे ओता, लगेच ओली पोती टाका, निदान दहा दिवस पाणी मारत राहा. बोअर मेमध्ये किती चालतं हे विचारल्यावर सर गप्प झाले.

खालचं काम मी जरा सविस्तर सांगतो, कारण बिलाचा निम्म्याहून मोठा हिस्सा तिथे गेला आणि आता त्यातलं काहीही दिसत नाही. पाच फूट रुंद, दीड फूट खोल खोदाई, म्हणजे वाटेपेक्षा बाहेरच्या बाजूला एक फूट जास्त. भिंतीलगतचे चाळीस फूट एकदम उघडे केले नाहीत. दहा-दहा फुटांचे तुकडे खोदून, भरून, मग पुढे. निघालेली ५.४ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) काळी माती मागच्या केळीत गेली, ती तिथेच शोभते. खड्ड्यात एक फूट मुरूम. ठोकून बसल्यावर ३.६ ब्रास भरला पाहिजे, सुटा म्हणून साडेचार ब्रास मागवला. पहिली ट्रॉली परत पाठवली, कारण मुरमात काळी माती मिसळलेली. ओली करून गोळा वळला तर बोटांना चिकटून लांब ओढला जात होता.

मुरूमच का, नुसती वाळू का नाही, असं सरांनी विचारलं आणि प्रश्न बरोबर होता. पहिल्या ठेकेदाराची चूक नेमकी तीच. सुट्या वाळूतून पाणी झिरपून खाली जातं आणि काळ्या मातीवर साचून राहतं, जणू आपणच तिला पाणी पाजतोय. आयआयटी मुंबईचे डॉ. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीतल्या कालव्यांसाठी यावर काम केलं होतं: न फुगणारी पण थोडी चिकट असलेली भर वर दाबून बसवली तर खालच्या मातीचा फुगवटा आटोक्यात राहतो. कालव्याला असा थर बराच जाड लागतो. बागेतल्या वाटेला आम्ही एका फुटावर भागवलं, तेव्हा वाट अजिबात हलणार नाही असा शब्द मी दिला नाही. हलली तर उचलता येईल, एवढाच दिला.

सरांचा एक सल्ला मोडावा लागला. केळीतला जुना मल्चिंग पेपर खाली अंथरला तर पाणीच जाणार नाही, असं त्यांचं गणित. तो कागद इतका पातळ की मुरूम ओततानाच फाटतो, आणि लव्हाळा त्यातून सुईसारखा वर येतो हे त्यांच्याच शेतात दिसत होतं.

मुरूम सहा-सहा इंचांच्या दोन थरांत, पाणी शिंपडून, भाड्याच्या प्लेट मशीनने दाबला. भिंतीलगत मशीन जाईना तिथे आबांनी धुम्मस, म्हणजे हाताने ठोकायचं जड ठोकणं, चालवली. त्यावर साडेचार इंच बारीक खडी आणि कच (दगडाचा बारीक चुरा) यांचं मिश्रण, मग इंचभर नुसती कच आणि त्यावर फरशी. सगळं मिळून एकोणीस इंच, म्हणजे वाट जमिनीपेक्षा इंचभर वर. भिंतीकडून बाहेर चार फुटांत एक इंच उतार. सांध्यांत सिमेंट नाही, कोरडी कच झाडूने भरली. दर वेळी गवंडी लोक इथे अडतात, "कच धुपून जाईल, सिमेंट भरू द्या." आबाही अडले. सिमेंट भरलं की ७२ सुट्या फरश्यांची एक लांब ताठ फरशी होते आणि मग ती हवी तिथे न तुटता तिला हवी तिथे तुटते.

बाकी वाटा झटपट झाल्या. बोअरकडे आणि कपड्यांच्या दोरीकडे जायला जुन्या टाइलांखालचा माल फोडून निघालेले मोठे तुकडे पावलांच्या अंतराने पुरले. भाजीच्या वाफ्यांमधे नुसता ठोकलेला मुरूम. फोटोतले पांढरे गोटे ताईंना हवेच होते, ते छतावरच्या पाण्याच्या पाइपाखाली टाकले. गोल गोटे पायाखाली सरकतात, टोकदार खडी निदान एकमेकांत अडकते, पण वॉकर दोन्हींवर चालत नाही. पाइपाखाली कुणी चालत नाही आणि पडणाऱ्या धारेने माती उडत नाही.

काम ६ जूनला संपलं. पहिला मोठा पाऊस चार-पाच दिवसांनी झाला. ऑक्टोबरमध्ये बघायला गेलो तेव्हा ७२ पैकी तीन फरश्या डगमगत होत्या, तिन्ही पाइपाजवळच्या. चूक माझी होती. गोट्यांतून निघालेलं पाणी पुढे न्यायला जी नळी टाकली होती, ती मी खोदाईच्या कडेपासून फूटभर पुढे संपवली होती, वाफ्यापलीकडे न्यायला हवी होती. पाणी तिथेच मुरून मुरमाच्या कडेखाली शिरलं होतं. फरश्या उचलल्या, नळी दहा फूट लांबवली, कच सारखी केली, फरश्या परत ठेवल्या. मला आणि आबांना सकाळचे तीन तास लागले, एकही फरशी फुटली नाही. सांध्यांत सात-आठ ठिकाणी लव्हाळा आला होता. तो सर रोज सकाळी चाकूने काढतात. त्यांना त्याचा कंटाळा येत नाही, असं ताई म्हणाल्या.

पुढच्या मेमध्ये बाहेरच्या कडेला माती आकसून बोटभर फट पडली, मुरमाच्या आणि काळ्या मातीच्या मधे. वाट जागची हलली नव्हती. ताईंना फट दाखवली तर म्हणाल्या, बरं झालं मोगरा तिथे नाही. मोगरा नव्या जागी लागला आहे, पण पहिल्या वर्षी फुलं कमी आली, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. आजी संध्याकाळी सहाला निघाल्या. वॉकर कुठे अडतो ते मोजायला मी मागे मागे चाललो होतो. तुळशीपाशी पोचल्यावर त्यांनी वळून बघितलं आणि विचारलं, "काय मोजी ऱ्हायना रे भो?"